एजंट रोज तिथेच चुकतोय? प्रॉम्प्ट वाढवण्याआधी टूलची माहिती उघडून वाचा

लक्षणं साधारण अशी असतात. एजंटला (म्हणजे भाषेच्या एआय मॉडेलवर चालणाऱ्या, स्वतः कामं करणाऱ्या मदतनिसाला) टूलं, म्हणजे त्याला बोलावता येतील अशी फंक्शनं, जोडून दिली, डेमोला मस्त चाललं, सगळे खूष, आणि मग खरे लोक वापरायला लागले की रोज एक तक्रार. कधी भलतंच टूल उचललं, कधी टूल बरोबर पण आत नको तो नंबर घातला, कधी एरर आला तर तोच कॉल परत परत मारत बसला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही सापडलं नाही तर "अशी कुठलीही नोंद नाही" असं ठासून सांगून मोकळा झाला. मग कोणीतरी सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला कायमच्या दिलेल्या सूचनांमध्ये, एक ओळ वाढवतं, "नेहमी आधी अमुक टूल वापर", थोडे दिवस बरं चालतं, मग दुसरीकडे फाटतं, तिथे अजून एक ओळ. असं करत करत प्रॉम्प्ट इतका लांबतो की त्यात काय काय लिहिलंय ते टीममध्ये कोणालाच धड सांगता येत नाही, आणि शेवटी "मॉडेलच बंडल आहे, दुसरं लावून बघू" यावर गाडी येते. दुसरं लावलं की चुकांचा चेहरा बदलतो, चुका राहतातच.

मॉडेल चुकतं, नाही असं नाही. पण ते चुकतं तेव्हा आज इथे उद्या तिथे असं चुकतं. रोज एकाच जागी ठेच लागत असेल तर तिथली फरशी वर आलीय, चालणाऱ्याला बोलून उपयोग नाही. आणि एजंटच्या बाबतीत ती फरशी बहुतेक वेळा टूलच्या माहितीत असते, म्हणजे नाव, वर्णन, पॅरामीटर आणि एरर मेसेज. खाली ट्रान्सपोर्ट बुकिंगच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण धरून लिहितोय कारण मी सध्या त्यातच आहे, पण हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट सॉफ्टवेअर असो की सोसायटीचं मेंटेनन्स अ‍ॅप, गोष्टी त्याच निघतात.

आधी हे बघा की मॉडेलला दिसतं काय

बऱ्याच जणांचा समज असा की आपली एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने आपलं सॉफ्टवेअर वापरायची वाट) नीट डॉक्युमेंट केलेली आहे, स्वॅगर म्हणजे तिचं माहितीपत्रक आहे, विकीवर पानं आहेत, मग एजंटला कळायला काय हरकत आहे. अहो पण त्याला ते दिसतच नाही. एमसीपी घ्या, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत), किंवा ओपनएआयचं जून २०२३ पासूनचं फंक्शन कॉलिंग घ्या, मॉडेलच्या हातात प्रत्येक टूलमागे मुख्यतः तीनच गोष्टी पडतात: नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कुठले पॅरामीटर आणि कुठल्या प्रकारचे याचा आराखडा. विकीवरचं पान, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झालेली चर्चा, "तो जुना एंडपॉइंट वापरू नका रे" असं कोणीतरी मीटिंगमध्ये सांगितलेलं, यातलं काहीही तिथपर्यंत पोचत नाही.

म्हणून पहिलं काम, चालू सर्व्हरवरून टूलांची यादी जशीच्या तशी काढा. एमसीपी असेल तर इन्स्पेक्टर नावाचं टूल आहे, त्यातून सरळ दिसते. ती एका कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा, कोड बंद करा आणि फक्त ती फाइल वाचा. अजून चांगलं म्हणजे दुसऱ्या टीममधल्या कोणाला तरी द्या, सोबत ग्राहकाचा एक खरा प्रश्न द्या, आणि विचारा की बाबा कुठलं टूल वापरशील आणि कुठल्या रकान्यात काय भरशील. तो जिथे मान वर करून तुम्हाला काही विचारेल तिथे माहिती कमी आहे असं समजा. माणूस विचारतो तरी, एजंट बऱ्याचदा विचारत नाही, त्याला जे पटतं ते भरून पुढे जातो.

या पहिल्याच वाचनात निम्म्या भानगडी सापडतात असा माझा अनुभव आहे. पायथॉनमध्ये डेकोरेटर लावून टूल बनवलं की फंक्शनचं नाव हेच टूलचं नाव आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीची टीप) हेच वर्णन म्हणून बाहेर जातं, आणि त्या डॉकस्ट्रिंगमध्ये कोणीतरी "टुडू, नंतर लिहू" एवढंच लिहून ठेवलेलं असतं, आणि तेच मॉडेल वाचत असतं बिचारं. टाइपस्क्रिप्टवाल्यांचं झॉडमध्ये (स्कीमा लिहायच्या लायब्ररीत) प्रत्येक फील्डला डिस्क्राइब लावायचं राहिलेलं असतं.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण ती डॉक्युमेंटेशनच्या नावावर खपते. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालणारा एमसीपी सर्व्हर असेल आणि टूलं मध्येच गायब होत असतील किंवा उत्तर अर्धवट येत असेल, तर कोडमध्ये कुठेतरी राहिलेला प्रिंट शोधा. त्याच वाटेवरून एमसीपीचे स्वतःचे मेसेज (जेसन-आरपीसी या साच्यातले) जात असतात, तुमचं "इथे आलो" त्यात घुसलं की पलीकडचा पार्सर कोलमडतो. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवा. वर्णन कितीही सुधारलं तरी हे सुधारणार नाही.

नंबर म्हणजे कुठला नंबर

आता खरं उदाहरण. टूलचं नाव "ट्रॅक". वर्णन "शिपमेंट ट्रॅक करतं". पॅरामीटर एकच, "नंबर", प्रकार स्ट्रिंग. ज्याने लिहिलं त्याच्या दृष्टीने यात काही कमी नाही, कारण त्याच्या टेबलमध्ये नंबर म्हणजे एलआर नंबर.

पण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नंबर किती असतात बघा: एलआर नंबर म्हणजे आपली बिल्टी, गाडी नंबर, ई-वे बिलाचा (जीएसटीखाली माल हलवताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा) १२ अंकी नंबर, पार्टीच्या इन्व्हॉइसचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल. पार्टी टाइप करते "ती एमएच १२ वाली गाडी कुठवर आली", एजंट बघतो की ट्रॅक नावाचं टूल आहे, त्याला नंबर लागतो, आपल्याकडे नंबर आहे, आणि गाडी नंबर ढकलून देतो. डेटाबेस तो एलआरच्या कॉलममध्ये शोधतो, शून्य ओळी मिळतात, आणि एजंट पार्टीला नम्रपणे सांगतो की तुमची अशी कुठलीच शिपमेंट नाही. माल तिकडे भिवंडीच्या गोडाउनात उतरतोय आणि इकडे पार्टीचा बीपी वाढलाय.

इथे प्रॉम्प्टमध्ये "गाडी नंबर देऊ नकोस" लिहिणं म्हणजे एकाच चुकीवर मलमपट्टी, उद्या ई-वे बिलाचा नंबर जाईल. टूलच नीट लिहा. नाव "एलआर_स्थिती", पॅरामीटर "एलआर_नंबर", आणि वर्णन साधारण असं:

"एका एलआरची (बिल्टीची) सध्याची स्थिती देतं: शेवटचं हब, तिथे पोचल्याची वेळ, डिलिव्हरीची अंदाजे तारीख. एलआर नंबर हातात असेल तेव्हाच वापर. गाडी नंबर, ई-वे बिल नंबर किंवा इन्व्हॉइस नंबर असेल तर आधी एलआर_शोध वापरून एलआर नंबर मिळव. इथे फक्त गेल्या १८ महिन्यांतली बुकिंगं आहेत. त्याआधीच्या एलआरला 'सापडलं नाही' येतं, त्याचा अर्थ बुकिंग झालंच नव्हतं असा होत नाही. हे टूल काहीही बदलत नाही."

आणि पॅरामीटरसमोर: "तीन अक्षरी हब कोड, डॅश, मग सात अंक. सुरुवातीची शून्यं गाळायची नाहीत." सोबत स्कीमामध्ये पॅटर्न पण टाका म्हणजे चुकीचा आकार आला तर टूल चालायच्या आतच अडेल. आणि हो, असले नंबर स्कीमामध्ये कधीही इंटिजर ठेवू नका, पुढची शून्यं उडाली की संपलं.

या वर्णनात सगळ्यात कामाचं वाक्य १८ महिन्यांचं आहे आणि ते लिहायला सगळ्यात अवघड, कारण डेव्हलपरला ते बऱ्याचदा माहीतच नसतं. जुना डेटा कधीतरी आर्काइव्हला हलवला हे बुकिंग काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, कारण पार्टीच्या शिव्या तो खातो. तेव्हा टूलची माहिती लिहायची असेल तर एक अर्धा दिवस त्या काउंटरवर जाऊन बसा, चहा प्या, आणि तो फोनवर लोकांना उलट काय काय विचारतो ते लिहून घ्या. "शेठ, बिल्टी नंबर सांगा, गाडी नंबर नको" हे वाक्य तो दिवसभर म्हणत असतो, तेच तुम्हाला वर्णनात हवंय.

अर्थात लिहिण्यापेक्षाही चूक करायची सोयच काढून टाकता आली तर ती काढावी. अँथ्रॉपिकच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये एजंट बनवण्याबद्दल लिहिलं होतं त्यात एक छान किस्सा आहे: त्यांचा कोडिंग एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की रिलेटिव्ह पाथ (चालू फोल्डरपासून धरलेला फाइलचा पत्ता) चुकवायचा, तर त्यांनी टूलच असं बदललं की कायम पूर्ण पाथच द्यावा लागेल, आणि ती चूक बंद झाली.

एकसारखी दिसणारी टूलं

"ऑर्डर_शोध", "ऑर्डर_सर्च_व्ही२", "ऑर्डर_लिस्ट", "बुकिंग_फाइंड". एपीआयच्या प्रत्येक एंडपॉइंटला एक टूल असं मशीनने काढलं की हे असं होतं. मग एजंट कधी हे उचलतो कधी ते, आणि लॉग बघणाऱ्याला वाटतं की याचं डोकं ठिकाणावर नाही. पण तुम्ही तरी त्या नावांवरून सांगू शकाल का कुठलं घ्यायचं ते?

यावर वर्णन सुधारणं हा दुसरा उपाय, पहिला उपाय म्हणजे टूलं कमी करणं. जुनं वापरायचंच नसेल तर यादीतूनच काढा, वर्णनात "हे जुनं आहे, शक्यतो टाळ" लिहून ठेवू नका, "शक्यतो" बघून तो केव्हातरी वापरणारच. जी राहतील त्या प्रत्येकात शेजारच्या टूलचं नाव घेऊन फरक सांगा, म्हणजे "एका पार्टीची सगळी बुकिंगं हवी असतील तर हे, एकच एलआर हवी असेल तर एलआर_स्थिती". टूल कधी वापरायचं नाही हे वाक्य लोक लिहीत नाहीत आणि नेमकं तेच लागतं.

पैसे, तारखा आणि गावांची नावं

या तीन ठिकाणी जेवढा घोळ होतो तेवढा बाकी सगळीकडे मिळून होत नसेल.

पैशाचं घ्या. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशात द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांना ५०००० लिहायचं. तुमच्या टूलमध्ये पॅरामीटरचं नाव नुसतं "रक्कम" असेल तर एजंट ५०० पाठवतो आणि पार्टीला पाच रुपयांची पेमेंट लिंक जाते, पार्टी आनंदाने भरते सुद्धा. नावातच एकक घाला, "रक्कम_रुपये", आणि शंभराने गुणणं टूलच्या आत करा. एकक फक्त वर्णनात लिहिलेलं आणि नावात नसलेलं, असं मी ठेवत नाही, कारण कॉल बनवताना नाव डोळ्यासमोर असतंच. आणि "१,५०,०००" असा स्वल्पविरामासकट आकडा आला तर टूलने तो घ्यायचा की अडवायचा हे पण ठरवून लिहून टाका.

तारखांचं तर विचारू नका. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन लायब्ररीला ४ मार्च. वर्ष-महिना-दिवस हाच आकार मागा, बाकी काही घेऊ नका. टाइमस्टँप (१ जानेवारी १९७० पासून मोजलेला वेळ) असेल तर सेकंद की मिलिसेकंद ते लिहा, सध्याच्या तारखा सेकंदात १० अंकी येतात आणि मिलिसेकंदात १३ अंकी. मिलिसेकंदाच्या जागी सेकंद गेले की रिपोर्टमध्ये जानेवारी १९७० उगवतो, तो दिसला की समजून जा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमध्ये झालेली बुकिंगं आदल्या दिवसात मोजली जातात, आणि ट्रान्सपोर्टमध्ये अर्ध्या गाड्या रात्रीच सुटतात. "तारीख भारतीय वेळेनुसार" एवढे तीन शब्द पॅरामीटरसमोर असले आणि कोडने ते पाळलं की हा प्रश्न मिटला. आज कोणती तारीख आहे हे मॉडेलला आपोआप कळत नाही, ते पण द्यावं लागतं. आणि "यावर्षीचं भाडं किती झालं" असं शेठ विचारतात तेव्हा त्यांच्या मनात एप्रिल ते मार्च असतं, एजंट जानेवारीपासून धरतो. त्यापेक्षा पॅरामीटरच "आर्थिक_वर्ष" ठेवा आणि नमुना लिहा, २०२५-२६.

इथे जेसन स्कीमाची एक खोच आहे ती खूप जणांना चकवते. स्कीमामध्ये "डिफॉल्ट" लिहिलं म्हणजे ती किंमत आपोआप भरली जाईल असं वाटतं, पण ती नुसती माहिती आहे, व्हॅलिडेटरने (स्कीमा तपासणाऱ्या कोडने) ती भरलीच पाहिजे असं काही नाही. "फॉरमॅट: डेट" चं तेच, बऱ्याच व्हॅलिडेटरमध्ये वेगळं चालू केल्याशिवाय ते तपासलंच जात नाही. तेव्हा डिफॉल्ट तुमच्या कोडमध्ये भरा आणि वर्णनात सांगा की रिकामं ठेवलं तर काय धरलं जाईल.

गावांची नावं ही आपली खास डोकेदुखी. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, पण डेटाबेसमधले हब अजून जुन्याच नावाने बसलेत. पार्टी नवीन नाव लिहिते, एजंट तेच पाठवतो, टूल शून्य ओळी देतं, आणि उत्तर जातं की त्या मार्गावर आमची सेवा नाही. सेवा रोज दोन गाड्यांची आहे! इथे मोकळी स्ट्रिंग ठेवूच नका. हब थोडे असतील तर कोडची ठराविक यादी स्कीमामध्येच द्या, प्रत्येक कोडसमोर जुनं नवं दोन्ही नावं. खूप असतील तर "हब_शोध" असं छोटं टूल द्या जे कुठलंही नाव, कुठलंही स्पेलिंग, देवनागरी असो की रोमन, घेऊन कोड परत करेल, आणि बाकी टूलं फक्त कोड घेतील.

एरर मेसेज हे पण डॉक्युमेंटेशनच आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो, पण एरर तो अगदी अडल्या क्षणी वाचतो, तेव्हा तिथे लिहिलेलं एक वाक्य वरच्या दहा वाक्यांच्या बरोबरीचं असतं. आणि आपण तिथे काय देतो? "इनव्हॅलिड इनपुट". किंवा पूर्ण स्टॅक ट्रेस (प्रोग्राम कुठे फुटला त्याची यादी), ज्यात जावाच्या चाळीस ओळी आणि डेटाबेसच्या सर्व्हरचा पत्ता. पहिल्यातून काही कळत नाही म्हणून तो तेच थोडं बदलून परत मारतो, दुसऱ्यात जागा फुकट जाते आणि वर घरातल्या गोष्टी बाहेर.

एररमध्ये काय आलं, काय हवं होतं आणि आता पुढे काय करायचं, हे हवं. वरच्याच उदाहरणात: "मिळालेली किंमत गाडी नंबरसारखी दिसते. इथे एलआर नंबर लागतो. गाडी नंबरवरून शोधायला एलआर_शोध वापर, त्यात गाडी_नंबर हा पॅरामीटर आहे." हा मेसेज टाकल्यावर वर्णन न वाचताही एजंट पुढच्या कॉलला सुधारतो, बघा करून. परत प्रयत्न करण्यात अर्थ आहे की नाही तेही सांगा. "ई-वे बिल पोर्टल आत्ता उत्तर देत नाही, थोड्या वेळाने हाच कॉल चालेल" आणि "या पार्टीचं खातं बंद आहे, कितीदा केलं तरी चालणार नाही" हे दोन्ही तुमच्याकडे नुसतं "५००" (सर्व्हरची चूक) म्हणून जात असेल तर तो रेटत बसतो त्यात नवल नाही.

एमसीपीमध्ये एक बारीक गोष्ट बघा. टूल चालताना झालेली चूक दोन प्रकारे परत करता येते: प्रोटोकॉलचा एरर म्हणून, किंवा नेहमीच्या उत्तरातच "इज-एरर" हा झेंडा खरा करून आत मजकूर देऊन. पार्टीच्या डेटाची चूक असेल तर दुसरा मार्ग घ्या, त्यासाठीच तो आहे, तो मजकूर मॉडेलसमोर जातो. पहिल्यात क्लायंटने तो मध्येच गिळला तर मॉडेलला कळतच नाही काय बिघडलं. आणि उलट पाप म्हणजे एचटीटीपी २०० (म्हणजे सगळं ठीक) देऊन आत "स्टेटस: फेल". असलं जुनं एपीआय गळ्यात असेल तर टूलच्या थरात ते उघडून खरा एरर करा.

रिकाम्या उत्तराचंही असंच. रिकामी यादी परत आली तर त्याचे तीन अर्थ होतात, खरंच काही नाही, शोधायला चुकलं, किंवा बघायची परवानगी नाही. तिन्हीला वेगळं वाक्य द्या. सुरुवातीला म्हटलं ते "अशी कुठलीही नोंद नाही" बहुतेक वेळा इथूनच जन्माला येतं.

कमांड लाइनची टूलं असतील तर

एजंटला टर्मिनल दिलं असेल तर तिथे वेगळी मजा. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही की तो एक्झिट कोड (संपताना कमांड देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) १ देतो, खरी चूक असेल तर २. दोन फाइलींची तुलना करणारा डिफ पण फरक सापडला की १ देतो. हे न सांगता "कोड शून्य नसेल तर फेल" असं रॅपर लिहिलं तर एजंट धडधाकट कमांडला फेल समजतो. वेबवरून माहिती आणणाऱ्या कर्लचं नेमकं उलटं, सर्व्हरने ४०४ (असं पानच नाही) दिलं तरी कर्ल शून्य देऊन मोकळा होतो, एफ हा पर्याय लावला तर २२ देतो. तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टचे एक्झिट कोड हेल्पमध्ये लिहा, दोन ओळींचं काम आहे.

आणि एजंट "अडकलाय" अशी तक्रार असेल तर आधी बघा की कमांड काही विचारत तर नाहीये. हो की नाही विचारणारी इन्स्टॉल कमांड, कमिटसाठी एडिटर उघडणारं गिट, लांब लॉगला पेजर लावणारं गिट, व्हॅल्यू मागत थांबलेलं टेराफॉर्म. माणूस एंटर मारतो, एजंट टाइमआउटपर्यंत बसून राहतो. न विचारता चालायचा पर्याय ठेवा आणि तो हेल्पच्या पहिल्या काही ओळींत लिहा, तळाला नको.

उत्तर किती मोठं द्यायचं

थोडक्यात सांगतो. उत्तर अर्धवट असेल तर उत्तरातच तसं लिहा. गिटहबच्या एपीआयच्या बऱ्याच याद्या न सांगता ३० नोंदी देतात आणि एका पानात जास्तीत जास्त १००. तुमच्या टूलने त्यातल्या ३० पुढे केल्या आणि बाकीच्यांबद्दल काही बोललंच नाही तर एजंट मोजून सांगणार "एकूण ३०". "३१२ पैकी पहिल्या ३०, पुढच्या हव्या असतील तर पान २" असं शेवटी हवंच, आणि पानं शून्यापासून की एकपासून तेही. पंचवीस कॉलम देऊ नका, लागतात ते सहा द्या. क्लॉड कोडने (अँथ्रॉपिकच्या कोडिंग एजंटने) टूलच्या उत्तरावर मुळात २५,००० टोकनची (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं तो शब्दाचा तुकडा) मर्यादा ठेवलीय ती उगाच नाही. आणि नुसता लांबलचक आयडी देण्यापेक्षा सोबत नाव द्या, नाहीतर पुढच्या कॉलला तो आयडी अर्धाच उतरवतो कधी कधी.

बदल करणारी टूलं

बुकिंग रद्द, पेमेंट लिंक, एसएमएस. यांच्या वर्णनात पहिल्याच वाक्यात लिहा की हे खरोखर करतं, परत फिरवता येतं का, आणि चुकून दोनदा बोलावलं तर काय होतं. नेट लटकलं, उत्तर आलं नाही, एजंटने परत मारलं, पार्टीला दोन लिंक, ही तक्रार सगळीकडे आहे. यावर वर्णन पुरत नाही, विनंतीसोबत एक ठराविक चावी घ्या आणि तीच चावी परत आली तर नवीन न बनवता जुनंच उत्तर द्या. एमसीपीमध्ये "फक्त वाचतं", "नासधूस करू शकतं" असे इशारे टूलला जोडता येतात, जोडा, पण ते इशारेच आहेत, सुरक्षेची भिंत नाही. परवानगीची तपासणी सर्व्हरवरच.

जास्त लिहून पण बिघडतं

हे सगळं वाचून कोणीतरी प्रत्येक टूलला दोन पानं लिहील, म्हणून सांगतो. सगळ्या टूलांची वर्णनं साधारणपणे प्रत्येक संभाषणात मॉडेलसमोर जातात, त्याचे टोकन मोजले जातात आणि महत्त्वाची ओळ गर्दीत हरवते. "हे शक्तिशाली आणि बहुउपयोगी टूल" असली जाहिरात काढून टाका, त्याने फक्त ते टूल नको तिथे वापरलं जातं. नमुन्यांची अजून एक गंमत: वर्णनात नमुना म्हणून खऱ्यासारखा एलआर नंबर लिहिला की केव्हातरी पार्टीने नंबर न दिल्यावर एजंट तोच नमुना घेऊन कॉल करतो, आणि तो नंबर खरोखर अस्तित्वात असेल तर दुसऱ्याच पार्टीचा माल सांगतो. नमुन्याला आकार सांगा, किंवा असा नंबर वापरा जो सिस्टीममध्ये असूच शकत नाही, आणि तो आला तर एरर द्या.

बदल लागू पडला का हे कसं कळणार

लॉगमधून खरे प्रश्न उचला, ज्यावर तो घसरला होता ते, आणि जे बरोबर आले होते तेही थोडे, कारण एक वर्णन सुधारलं की शेजारच्या टूलचं गिऱ्हाईक तुटतं कधी कधी. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा कुठलं टूल जायला हवं आणि कुठल्या किमती. मग एकाच वेळी एकच बदल करून सगळे प्रश्न कोऱ्या संभाषणात परत चालवा, जुन्या संभाषणात नको, तिथे आधीच्या चुका आणि दुरुस्त्या दिसत असतात म्हणून तो शहाण्यासारखा वागतो. एकेक प्रश्न दोनचारदा चालवा. "तू हे टूल का निवडलंस" असं एजंटलाच विचारण्याचा मोह होतो, उत्तरही छान मिळतं, पण ते नंतर जुळवलेलं असू शकतं, त्यावर भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा "या दोन टूलांच्या वर्णनात तुला काय अस्पष्ट वाटतं" विचारलं तर बऱ्यापैकी कामाचं निघतं.

आणि बिल्डमध्ये एक बारकी टेस्ट टाकून द्या, वर्णन नसलेला एकही पॅरामीटर असेल तर बिल्ड फेल. हबची यादी कोडमधूनच स्कीमात जाऊ द्या, हाताने दोनदा लिहिली की नवीन हब उघडला त्या दिवशी परत पहिल्यापासून.

एवढं सगळं करूनही एकाच जागी चुकत असेल तर बहुतेक ते काम वर्णनाने सुटणारं नसतं, ते टूलच्या आत घ्यायला हवं. आमच्याकडे ई-वे बिलाच्या मुदतीचं असंच होतं. नियम वर्णनात लिहून दिला होता, नेहमीच्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस, त्यापुढे दर २०० किलोमीटरला किंवा त्यातल्या तुकड्याला अजून एक दिवस, अवाढव्य आकाराच्या मालाला हेच २० किलोमीटरला एक दिवस, आणि दिवस म्हणजे चोवीस तास मोजून नव्हे तर मध्यरात्रीला संपणारा. वर्णन चुकीचं नव्हतं, तरी दर थोड्या दिवसांनी एखादी तारीख एकाने मागेपुढे यायचीच, आणि तेवढ्यावर चेकपोस्टला गाडी अडकते. आता टूल अंतर आणि मालाचा प्रकार घेऊन "वैध_पर्यंत" अशी तयार तारीख आणि वेळ देतं, नियमाचा अख्खा परिच्छेद वर्णनातून काढला, आणि त्याच्या जागी एकच ओळ राहिली: "मुदत स्वतः मोजू नकोस, वैध_पर्यंत जसं आहे तसं सांग."